ह्यूएंडन : कर्ज काढून झालेला जमीनदार

इंग्लंडच्या संसदेत काउंटीचा प्रतिनिधी म्हणून बसायचं, तर १८५८ पर्यंत कायद्याची एक अट होती : वर्षाला ६०० पौंड उत्पन्न देणारी मालमत्ता नावावर हवी. न लिहिलेली अट याहून कडक होती. टोरी पक्ष हा जमीनदारांचा पक्ष. त्याचं पुढारीपण करणाऱ्याला स्वतःचं घर हवं, रान हवं, कुळं हवीत, गावच्या चर्चमध्ये पहिल्या रांगेतली बैठक हवी. बेंजामिन डिझरायलीकडे यातलं काहीच नव्हतं. होतं ते वक्तृत्व, कादंबऱ्यांनी मिळवून दिलेलं नाव आणि तरुणपणापासून मानगुटीवर बसलेलं कर्ज. २१ डिसेंबर १८०४ रोजी लंडनमधल्या एका ज्यू घरात तो जन्मला. बाराव्या वर्षी वडिलांनी त्याचा बाप्तिस्मा करवून घेतला. तो झाला नसता तर संसदेचं दार त्याला बंदच राहिलं असतं, कारण धर्माने ज्यू असलेला पहिला खासदार सभागृहात बसू शकला तोसुद्धा १८५८ मध्येच. अशा माणसाने बकिंगहॅमशरमधली ह्यूएंडनची इस्टेट घेतली आणि पुढे तो दोनदा पंतप्रधान झाला. ती इस्टेट पाहायची म्हणून मी लंडनच्या मेरिलबोन स्थानकात गाडीत बसले.

वाट चिल्टर्नच्या टेकड्यांतून जाते. खाली चुनखडीचा पांढरा खडक, त्यात गारगोटीचे काळे-करडे गोटे आणि वर बीच झाडांची दाट राई. गाडीतून उतरायचं ते हाय विकम गावात. हे गाव खुर्च्यांचं. एकोणिसाव्या शतकात इथल्या कारखान्यांतून खुर्च्या साऱ्या देशभर जात. आसपासच्या बीचच्या रानात कातारी झोपड्या घालून राहत, पायाने चालवायच्या साध्या लाकडी यंत्रावर ओल्या बीचचे पाय आणि गज कातत आणि त्यांचे भारे गावातल्या कारखान्यांना विकत. या रानकातारींना तिकडे बॉजर म्हणत. इथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावही ‘चेअरबॉइज’ असंच आहे.

गावच्या हाय स्ट्रीटवर एका दर्शनी ओसरीच्या माथ्यावर लाल रंगाचा सिंह उभा आहे. इथे पूर्वी रेड लायन नावाचं हॉटेल होतं. १८३२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, डिझरायली या ओसरीवर चढला आणि सिंहाशेजारी उभं राहून त्याने आपलं पहिलं निवडणुकीचं भाषण केलं. कुरळे केस, भरजरी कपडे, मनगटावर झालरी. लोकांनी भाषण आवडीने ऐकलं आणि निवडून दुसऱ्याला दिलं. निवडून आला तो चार्ल्स ग्रे, त्या वेळच्या पंतप्रधानांचा मुलगा. हाच ग्रे पुढे राणी व्हिक्टोरियाचा खाजगी सचिव झाला आणि १८६८ मध्ये डिझरायली पहिल्यांदा पंतप्रधान झाला तेव्हा राणीच्या दरबारात त्याची गाठ पुन्हा या जुन्या प्रतिस्पर्ध्याशीच पडली. विकममधून डिझरायली तीनदा उभा राहिला आणि तीनदा पडला. संसदेत तो पोहोचला १८३७ मध्ये, केंटमधल्या मेडस्टनमधून. तिथलं त्याचं पहिलं भाषण सभागृहाने हसून आणि ओरडून बंद पाडलं.

गावाच्या उत्तरेला ह्यूएंडनचं खोरं आहे. बसही जाते, पण बागेतून ओढ्याच्या कडेने चालत जाणं उत्तम. चुनखडीच्या मुलखातले ओढे भूजलावर जगतात. पाऊसपाणी झालं की स्वच्छ, गार वाहतात आणि कोरड्या काळात पात्रात गवत उगवतं. या पाण्यात डिझरायलीने दोन हंस सोडले होते, त्यांची नावं हीरो आणि लिअँडर. वर आभाळात लाल घारी सतत घिरट्या घालत असतात. इंग्लंडमधून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून पुढची काही वर्षं चिल्टर्नमध्ये त्यांची पिल्लं आणून सोडली गेली आणि आता इथल्या माणसांना त्यांचं नवल उरलेलं नाही.

चढ संपता संपता आधी गारगोटीच्या भिंतींचं चर्च लागतं आणि मग वर, टेकडीच्या खांद्यावर, लाल विटांचं घर दिसतं. डिझरायलीने ते घेतलं तेव्हा ते साधं, पांढऱ्या गिलाव्याचं, अठराव्या शतकातल्या वळणाचं होतं. १८६२ च्या सुमारास त्याने आणि पत्नी मेरी अ‍ॅनने एडवर्ड बकटन लँब या वास्तुकाराला बोलावून त्याचं रूप बदललं. गिलावा खरवडून आतल्या विटा उघड्या केल्या, खिडक्यांवर जाड चौकटी आल्या, कठड्यावर टोकदार कळस उभे राहिले. घर दोनशे वर्षांनी जुनं दिसावं, राजेशाही आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या आधीचं वाटावं, अशी दोघांची हौस होती. वास्तुकलेच्या अभ्यासकांनी या कामाला पुष्कळ नावं ठेवली आहेत. मला मात्र त्या विटांत एक केविलवाणी धडपड दिसली आणि तिच्याबद्दल आदरच वाटला. आजूबाजूच्या जमीनदारांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत रुजलेली. ज्याच्यापाशी तसा इतिहास नव्हता, त्याने विटांकडून तो मागून घेतला.

आता खरेदीची गोष्ट. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावरचा कर उठवायचं ठरवलं. धान्य स्वस्त झालं तर जमिनीचा खंड घसरणार, म्हणून जमीनदार खवळले. त्यांच्याकडे संताप होता, बोलणारा माणूस नव्हता. डिझरायलीने ती जागा घेतली आणि स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानावर असे काही वार केले की कायदा मंजूर झाला तरी पील यांचं सरकार पडलं आणि पक्ष दुभंगला. या बंडात त्याचा जोडीदार होता लॉर्ड जॉर्ज बेंटिंक, पोर्टलंडच्या ड्यूकचा मुलगा. आपल्याकडे सतीबंदीमुळे माहीत असलेले गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक हे या जॉर्जचे काका. जमीनदारांचा आवाज बनलेल्या माणसाकडे स्वतःची जमीन नाही हे बेंटिंक घराण्याला बरं दिसेना. ह्यूएंडनची किंमत ३५,००० पौंड होती. त्यातले २५,००० पौंड बेंटिंक बंधूंनी कर्जाऊ दिले. व्यवहार १८४८ च्या सप्टेंबरात पुरा झाला आणि त्याच महिन्यात लॉर्ड जॉर्ज चालता चालता रस्त्यात कोसळून गेला. त्याच्या भावांनी शब्द पाळला आणि घर डिझरायलीकडे राहिलं.

कर्ज ते कर्जच. दहा वर्षं व्हायच्या आत बेंटिंक घराण्याने पैसे परत मागितले आणि देशाचा अर्थमंत्री होऊन गेलेला हा माणूस पुन्हा सावकारांच्या दारात उभा राहिला. यातून त्याला दोघांनी सोडवलं. यॉर्कशरच्या अँड्र्यू मॉन्टेग्यू नावाच्या धनवान जमीनदाराने त्याची कर्जं आपल्याकडे घेऊन व्याज हलकं केलं. दुसरी व्यक्ती सेरा ब्रिजेस विल्यम्स, टॉर्कीला राहणारी एक वृद्ध विधवा. आपल्या ज्यू वंशाचा तिला आणि डिझरायलीला दोघांनाही अभिमान होता. तिने पत्राने ओळख काढली, पुढे वर्षानुवर्षं दोघांमध्ये पत्रव्यवहार चालला आणि १८६३ मध्ये ती वारली तेव्हा ३०,००० पौंडांहून अधिक संपत्ती त्याच्या नावे ठेवून गेली. बदल्यात तिची एकच इच्छा होती : ह्यूएंडनला, त्याच्या शेजारी पुरलं जावं. ती पुरी झाली.

घरात शिरल्यावर जिन्यालगतच्या भिंतींवर तसबिरी लागतात. इतर जमीनदारांच्या घरी त्या जागी पूर्वज टांगलेले असतात. डिझरायलीने तिथे मित्रांची चित्रं लावली आणि त्या दालनाला मैत्रीची चित्रशाळा म्हटलं. मी त्या जिन्यावर बराच वेळ रेंगाळले. ज्यांनी पैसे दिले, मतं दिली, संकटात पाठीशी उभे राहिले, ते सगळे त्या भिंतीवर पायरीपायरीने वर चढत गेलेले आहेत.

खाली ग्रंथालय आहे. वडील आयझॅक हे पुस्तकांत बुडालेले लेखक होते. १८२९ पासून त्यांचं कुटुंब जवळच्याच ब्रेडनमला भाड्याच्या वाड्यात राहत असे, म्हणून हा मुलूख डिझरायलीच्या पायाखालचा होता. पुस्तकं आणि झाडं ही त्याची दोन वेडं. ऑगस्टमध्ये संसद उठली की तो इथे येई. पहिला आठवडा झाडं पाहत रानात हिंडे आणि मग दुसरं वेड पुरवायला ग्रंथालयात शिरे. त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन वेल्समधल्या आपल्या हॉर्डन इस्टेटीवर कुऱ्हाड घेऊन झाडं तोडण्यासाठी प्रसिद्ध होता. डिझरायली झाडं लावी आणि ज्यांनी लावली त्यांची आठवण ठेवी. येणाऱ्या पाहुण्यांच्या हस्ते लॉनवर रोपं लावून घेण्याचा इथे परिपाठच होता.

बागेमागचं रान हे मेरी अ‍ॅनचं काम. तिला जर्मनीतल्या जंगलासारखं रान हवं होतं, म्हणून तिने गर्द झाडीतून वाटा काढून घेतल्या आणि सत्तरीच्या घरात असताना मजुरांबरोबर स्वतः उभी राहिली. आजही त्या भागाला जर्मन जंगल म्हणतात. ती डिझरायलीहून बारा वर्षांनी मोठी, त्याच्या पक्षातल्याच एका खासदाराची श्रीमंत विधवा. १८३९ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याने पैशासाठी केलं असंच सगळे म्हणाले आणि त्यात तथ्य होतं. पण पुढची तेहतीस वर्षं त्या लग्नात जे वाढलं ते सगळ्यांनी पाहिलं. एकदा संसदेकडे जाताना गाडीच्या दारात तिचं बोट चेंगरलं आणि महत्त्वाच्या भाषणाआधी नवऱ्याचं चित्त ढळू नये म्हणून तो उतरेपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही, अशी गोष्ट सांगतात. १८६८ मध्ये पंतप्रधानपद गेलं तेव्हा त्याने स्वतःसाठी सरदारकी न मागता तिच्यासाठी मागितली आणि ती बीकन्सफील्डची व्हायकाउंटेस झाली. १५ डिसेंबर १८७२ रोजी ती गेली. त्यानंतर तो अखेरपर्यंत काळ्या कडेच्या कागदावर पत्रं लिहीत राहिला. बरोबर पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया त्याच्या घरी जेवायला आली. आदला दिवस तिच्या नवऱ्याच्या, अल्बर्टच्या, पुण्यतिथीचा. दोघं एकाच ऋतूत आपापलं दुःख जपणारी होती.

राणीने पंतप्रधानाच्या खाजगी घरी जेवायला जाणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. विकमच्या लोकांनी तिच्या स्वागताला हाय स्ट्रीटवर कमान उभारली ती नुसत्या खुर्च्यांची, एकीवर एक रचलेल्या. बरोबर राजकन्या बिअ‍ॅट्रिस होती. भोजनगृहात राणी ज्या खुर्चीवर बसली ती अजून आहे. राणी ठेंगणी, म्हणून खुर्चीचे पाय कापून कमी केले होते असं तिथे सांगतात. खुर्च्यांच्या गावाला हे काम काय अवघड!

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, याच राणीला दिल्लीत हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं होतं. तो कायदा १८७६ मध्ये डिझरायलीने मंजूर करवून घेतलेला आणि दरबार भरवणारा व्हाइसरॉय लिटन हाही त्यानेच पाठवलेला. दरबाराचा थाट चालू असताना दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला गेले ते स्वतः कातलेल्या सुताच्या पांढऱ्या खादीत. जडजवाहिराच्या त्या गर्दीत त्यांनी मागितलं काय, तर ब्रिटिश प्रजेला जे राजकीय आणि सामाजिक स्थान आहे तेच हिंदी माणसाला द्यावं. ह्यूएंडनच्या भोजनगृहात राणीच्या भेटीचं वर्णन वाचताना मला काकांचे ते कपडे आठवत राहिले.

हिंदुस्थानचं त्याला कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. २७ जुलै १८५७ रोजी, उठावाच्या बातम्या ताज्या असताना, त्याने कॉमन्समध्ये लांबलचक भाषण करून विचारलं होतं की हे नुसतं शिपायांचं बंड आहे की राष्ट्राचा उठाव? कारणांच्या यादीत त्याने संस्थानं खालसा करण्याचं धोरण आणि दत्तकविधान नाकारणं यांवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली ती साताऱ्यापासून. १८४८ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरण्यापूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक मुलगा कंपनीने वारस मानला नाही आणि छत्रपतींची गादी खालसा केली. आधी पदच्युत केलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी त्या वेळी लंडनमध्येच दारं ठोठावत होते. पुढे सातारा, नागपूर, झाशी ही सगळी एकाच कलमाने गेली हे डिझरायलीने सभागृहाला सुनावलं. तेव्हा तो विरोधी पक्षात होता. सत्ता हाती आल्यावर ही सारी समज कुठे गेली, या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्या अभ्यासिकेतही मिळालं नाही आणि त्याचा विषाद वाटल्यावाचून राहिला नाही.

अखेरची वर्षं त्याला जड गेली. १८७६ मध्ये अर्ल ऑफ बीकन्सफील्ड होऊन तो उमरावांच्या सभागृहात गेला. १८७८ मध्ये बर्लिनच्या परिषदेतून विजयी वीरासारखा परतला. लगेच १८७९ च्या पावसाने इंग्लंडमधली पिकं कुजवली आणि अमेरिकेचं स्वस्त धान्य बंदरांत ओतलं गेलं. १८४६ मध्ये ज्या संकटाची भीती घालून तो मोठा झाला, ते तीस वर्षांनी खरोखर आलं, तेव्हा पंतप्रधान तोच होता. धान्यावरचा जुना कर पुन्हा बसवायला मात्र त्याने नकार दिला. शहरातल्या मजुराची भाकरी महाग करून कुठलाच पक्ष आता टिकणार नाही, हे त्याला दिसत होतं. १८८० ची निवडणूक तो हरला.

१९ एप्रिल १८८१ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. ग्लॅडस्टनने सरकारी इतमामाने अंत्यविधी करण्याची तयारी दाखवली. पण मृत्युपत्रात स्पष्ट होतं : ह्यूएंडनच्या चर्चच्या आवारात, मेरी अ‍ॅनशेजारी. चर्चच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून बाहेरच ते थडगं आहे. तिथे दोघं आहेत, त्याचा भाऊ जेम्स आहे आणि त्या टॉर्कीच्या सेराबाईही आहेत. प्रजाजनाच्या अंत्ययात्रेला राजाने जायचं नाही हा रिवाज, म्हणून राणीने प्रिमरोजची फुलं पाठवली आणि चार दिवसांनी ती स्वतः आली. तिच्यासाठी थडग्याचं तळघर पुन्हा उघडण्यात आलं. चर्चच्या आत तिने बसवलेला स्मृतिफलक आहे. त्यावर डिझरायलीची बाजूने कोरलेली मुद्रा आहे आणि खाली बायबलातलं एक वचन. राज्य करणाऱ्या राणीने आपल्या प्रजाजनासाठी गावच्या चर्चमध्ये असं स्मारक उभारावं ही इंग्लंडमध्ये फार दुर्मीळ गोष्ट.

डिझरायलीला मूल नव्हतं. घर, रान आणि कुळं पुतण्याकडे गेली, त्याचं नाव कॉनिंग्जबी, काकाच्याच कादंबरीवरून ठेवलेलं. वारसाबद्दल कुणी शंका काढली नाही की कुणी घर खालसा केलं नाही. साताऱ्याच्या राजाने आपल्यामागे मुलगा ठेवायचा हक्क मागितला होता तो याहून वेगळा नव्हता, आणि ह्यूएंडनची खरेदी व साताऱ्याची जप्ती दोन्ही १८४८ सालच्याच. हे त्या चर्चच्या आवारात मनात आलं आणि मग त्या घराकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता येईना.

कॉनिंग्जबी १९३६ मध्ये वारला आणि १९४७ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. मधल्या महायुद्धात इथे ‘हिलसाइड’ या गुप्त नावाखाली हवाई हल्ल्यांसाठी जर्मनीचे नकाशे काढले जात. काम करणाऱ्यांनी शपथेमुळे कित्येक दशकं तोंड उघडलं नाही. घर पाहायला आलेले एक आजोबा आपल्या नातवाला आपण इथे काय करायचो ते सांगताना एका स्वयंसेवकाने ऐकलं आणि मग हा इतिहास बाहेर आला. तळघरात आता त्याचं प्रदर्शन आहे. जुन्या बर्फघराचा तेव्हा छायाचित्रांच्या कामासाठी उपयोग होई.

जायचं असेल तर एप्रिलचा मध्य साधावा, कारण तेव्हा रानात प्रिमरोज फुललेले असतात आणि १९ तारखेला चर्चकडे लोकांची पावलं वळतात. घर पाहून झाल्यावर जर्मन जंगलाच्या वाटेने समोरच्या टेकडीवर जावं. तिथे डिझरायलीच्या वडिलांचा स्मारकस्तंभ आहे. मेरी अ‍ॅनने तो नवऱ्याला न सांगता उभारून घेतला. त्याच्या पायथ्यापासून घर, चर्च, ओढा आणि विकमची घरं एका नजरेत दिसतात. परत गावात उतरायला अर्धा-पाऊण तास पुरतो, पण पावसानंतर चुनखडीच्या वाटा निसरड्या होतात, तेव्हा पायात चांगले बूट हवेत.